सांगून राहिलो

इंग्रजी साहित्यात एम.ए. करून काय मिळतं, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. विचारणारे बहुतेक लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले असतात आणि उत्तराची वाट न पाहता वाढप्याला हाक मारतात. पूर्वी मी वाद घालायचे. माझा स्वभावच तसा, ऐकून घेणं जमत नाही. आता मी म्हणते, "माझ्या बापाची नोकरी वाचली," आणि भात कालवायला लागते. मग मात्र त्यांना पुढचं ऐकायचं असतं.

पुढचं सांगायचं तर आधी बाबांच्या इंग्रजीबद्दल सांगावं लागेल.

बाबा क्रेन चालवायचे. भिलाईत बाप क्रेन चालवतो म्हटलं की लोक गृहीत धरतात, सरकारी स्टील प्लांटात असेल. बाबा प्लांटात नव्हते. ते औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी कारखान्यात होते, जिथे सळया निघत. गोंदियाच्या पलीकडच्या एका गावातून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन ते इकडे आले, कुरुद वस्तीत दोन खोल्या बांधल्या आणि सायकलवरून, मग मोपेडवरून, मग माझ्या जुन्या स्कूटीवरून कामावर जात राहिले. कारखान्याचा नियम असा, की पाळी संपली की क्रेनवाल्याने लॉगबुक भरायचं, आणि तेही इंग्रजीत. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाकीचे क्रेनवाले 'ओके' एवढंच लिहून सही ठोकत. बाबांना ते पटत नसे. दिवसभर आठ तास वर लटकून काम करायचं आणि लिहायचं काय, तर ओके.

म्हणून त्यांनी स्वतःची इंग्रजी तयार केली. आमच्या घरात 'करतोय' कोणी म्हणत नाही. आम्ही 'करून राहिलो' म्हणतो. पाऊस पडून राहिला, आई भाकरी थापून राहिली, तू काय वाचून राहिली. पुण्याकडचे पाहुणे यावर हमखास हसतात आणि विचारतात, करून कुठे राहिलात? बाबांनी हेच वाक्य उचलून जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. 'करून' म्हणजे 'डिड अँड', 'राहिलो' म्हणजे 'स्टेड'. ग्रीस लावून राहिलो, तर 'ग्रीस अप्लाइड अँड स्टेड'. पाऊस पडून राहिला, तर 'रेन फेल अँड स्टेड'. वीस-बावीस वर्षं ते असं लिहीत होते. कोणी वाचत नव्हतं, त्यामुळे कोणी हसतही नव्हतं.

पहिली हसले ती मी.

मी इंग्रजीत एम.ए.ला नाव घातलं तेव्हा बाबांना वाटलं, हा बँकेच्या परीक्षेचा रस्ता असेल. गल्लीत ते सांगत, आमची इंग्रजी शिकून राहिली. महिनाभराने त्यांनी माझं एक पुस्तक चाळलं आणि त्यात कविता निघाल्या. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, "गोष्टी-कविता वाचाले कॉलेजात कायले जा लागते?" मी नाकाने कांदे सोलत काहीतरी उत्तर दिलं. ते त्यांना कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

आमच्या मॅडम मूळच्या केरळच्या, पण जन्म इथल्याच प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमधला. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, जुनवानीहून सिटी बसने येणाऱ्या. त्यांच्यासारखं शिकवताना मी नंतर कोणाला पाहिलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका कवितेतल्या एका 'अँड'वर अख्खा तास घालवला. कवीने इथे 'बट' का नाही लिहिलं? 'अँड'च्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं, आणि मध्ये किती वेळ गेला? मागच्या बाकावर आम्ही म्हणालो, झालं, आता दोन वर्षं शब्दांचा कीस पाडायचा. तास संपला तेव्हा माझ्या वहीत चार पानं भरली होती आणि ती कविता मला मुद्दाम पाठ न करता पाठ झाली होती.

क्रिएटिव्ह रायटिंगचा पेपरही त्यांचाच. त्यात एकदा घरातल्या माणसाचं बोलणं लिहून आणायचं होतं. मला सोपी वाट दिसली. मी बाबांची इंग्रजी लिहून नेली. रेन फेल अँड स्टेड, मदर कुक्ड अँड स्टेड. वर्ग खदाखदा हसला. मला मोठं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, हेच तुझे वडील घरी कसं म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी फळ्यावर देवनागरीत लिहिलं, 'पाऊस पडून राहिला', आणि त्याखाली 'रेन फेल अँड स्टेड'. वरच्या 'पडून'पासून खालच्या 'फेल अँड'पर्यंत एक रेघ, 'राहिला'पासून 'स्टेड'पर्यंत दुसरी. मग हिंदीत म्हणाल्या, तू त्यांची चूक वर्गात आणलीस आणि त्यांची भाषा घरी ठेवून आलीस. पुढच्या वेळी दोन्ही आण.

माझा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी मी बाबांच्या ताटासमोर बसू शकले नाही. अभ्यास आहे म्हणून सांगितलं.

हे झालं नोव्हेंबरात. जानेवारीत बाबांच्या क्रेनखाली अपघात झाला.

दुपारची वेळ होती. सळयांची मोळी वर उचललेली, ब्रेक धरला नाही, मोळी घसरली. खाली हुकात माल अडकवणारा खलासी उभा होता. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. हा खलासी आमच्या मागच्या गल्लीतला, छत्तीसगढी माणूस. त्याचा आणि बाबांचा डबा पंधरा वर्षं एकत्र उघडत होता. आईच्या हातची अंबाडीची भाजी त्याला बाबांपेक्षा जास्त आवडायची.

आठवड्याने बाबा सस्पेंड झाले आणि चार्जशीट आलं. अपघाताच्या तीन दिवस आधी बाबांनी मोळी धरून ठेवणाऱ्या त्याच ब्रेकबद्दल लॉगबुकात लिहिलं होतं: 'होइस्ट ब्रेक स्लिपिंग. टोल्ड अँड स्टेड.'

फोरमनचं म्हणणं असं, की मी याला ब्रेक खराब आहे, क्रेन बंद कर, खाली उतर असं सांगितलं होतं. हा उतरला नाही. आणि हे मी कशाला सांगू, त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. टोल्ड, म्हणजे सांगितलं गेलं. अँड स्टेड, आणि तरी तिथेच राहिला.

मी तो कागद वाचला आणि मला धडकीच भरली, कारण इंग्रजीत ते वाक्य खरंच तसं वाचता येत होतं. कोणी कोणाला सांगितलं, ते त्यात नव्हतंच. बाबांनी ब्रेकबद्दल फोरमनला सांगितलं होतं, एकदा नाही, रोज. त्यांना लिहायचं होतं 'सांगून राहिलो'. मराठीत 'राहिलो' म्हटलं की 'मी' त्याच्या शेपटीला बांधलेलाच असतो, वेगळा लिहावा लागत नाही. इंग्रजीत तो वेगळा लिहावा लागतो, आणि बाबांनी तो लिहिला नव्हता. 'ध'चा 'मा' व्हायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे एकही अक्षर न बदलता सगळं उलटं झालं.

नोकरी जाणार हे दिसत होतं. पण बाबांना खाऊन राहिलं होतं ते दुसरंच. ते खलाशाला बघायला गेले, तर त्याच्या बायकोने पाणी विचारलं नाही. त्याने भिंतीकडे तोंड करून एवढंच विचारलं, की तुला उतर म्हटलं होतं तर तू उतरला का नाहीस. बाबा घरी आले आणि अंगणात मोपेडची चेन साफ करत बसले. ती मोपेड दोन वर्षांपासून बंद होती.

"मी फोरमनले सांगून राहिलो होतो," ते आईला म्हणाले. "रोज सांगून राहिलो होतो. आता कोन मानन?"

कोणीतरी सल्ला दिला, चूक कबूल करा, माफीनामा द्या, साहेबांना दया येईल. बाबा तयार होत आले होते. मी म्हटलं, मी खुलासा लिहिते. एम.ए. काय उगाच करून राहिले? दोन दिवस बसून मी साडेतीन पानं लिहिली. त्यात बाबांची निष्ठा होती, घाम होता, बावीस वर्षांची निष्कलंक सेवा होती, आमच्या डोळ्यांतलं पाणीही होतं. इंग्रजी अशी, की वाचणाऱ्याला घेरी यावी. ती घेऊन मी मॅडमकडे गेले.

मॅडमनी सगळं वाचलं, पेन्सिल काढली आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मला रडू आलं आणि रागही आला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, वडिलांबद्दल तुला काय वाटतं ते यात आहे. वडिलांनी काय लिहिलं ते कुठे आहे? माझ्याकडे चार्जशीटसोबत आलेल्या लॉगबुकाच्या झेरॉक्स होत्या, दोन महिन्यांची पानं. मी ती उघडूनही पाहिली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

मॅडम म्हणाल्या, कविता वाचतेस तसं वाच. एक शब्द धर आणि तो कुठे कुठे येतो ते बघ.

मी ती पानं घरी जमिनीवर पसरली. आयुष्यात मी इतकं मन लावून काही वाचलं नाही, आणि वाचत काय होते, तर बापाचं लॉगबुक. एकदा वाचलं तेव्हा चुका दिसल्या. दुसऱ्यांदा वाचताना चुका दिसेनाशा झाल्या आणि माणूस दिसायला लागला. कुठे वायर गरम लागते, कुठे हुकाची पट्टी झिजली, कोणाला काय सांगितलं, सगळं होतं. एकही फालतू शब्द नव्हता. माझ्या साडेतीन पानांत जेवढं नव्हतं तेवढं बाबांच्या दोन ओळींत होतं. मला माझी लाज वाटली आणि त्यांचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

'स्टेड' अकरा वेळा होता. मी प्रत्येकाभोवती गोल केला. ग्रीस अप्लाइड अँड स्टेड. रेन फेल अँड स्टेड, रेल वेट. सगळे तसेच, पण यातल्या कशानेही काही सिद्ध होत नव्हतं. ग्रीस लावलं आणि लावणारा तिथेच थांबला, असं फोरमन म्हणू शकला असता. मग डिसेंबरातल्या एका पानावर हे सापडलं:

'इलेक्ट्रिशियन केम अँड स्टेड. टिल शिफ्ट ओव्हर नॉट केम.'

इलेक्ट्रिशियन आला आणि राहिला. पाळी संपेपर्यंत आला नाही.

मी मोठ्याने हसले. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. मी बाबांना हाक मारून ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, त्यात काय, तो येऊन राहिला, येऊन राहिला म्हणत होते, आलाच नाही दिवसभर. मी म्हटलं, बाबा, हेच तर. राहिला म्हणजे थांबला असेल, तर हा माणूस आलाही, थांबलाही आणि आलाच नाही. असा माणूस जगात नाही. म्हणजे तुमच्या लिहिण्यात 'स्टेड'चा अर्थ 'थांबला' असा असूच शकत नाही.

बाबांनी ते पान परत घेतलं आणि बराच वेळ धरून बसले. ते काय बघत होते ते मला ठाऊक नाही. त्यांचं लिहिलेलं कोणी इतक्या बारकाईने वाचेल असं त्यांना कधी वाटलं नसावं.

खुलासा एका पानाचा झाला. अकरा ओळी, प्रत्येकीची तारीख, समोर मूळ मराठी, त्यासमोर बरोबर इंग्रजी. इलेक्ट्रिशियन सगळ्यात वर. विशेषण एकही नाही. मॅडमनी वाचला, एक स्वल्पविराम हलवला आणि परत दिला.

चौकशीच्या दिवशी मी गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसले होते, आत मला परवानगी नव्हती. आत काय झालं ते बाबांनी नंतर सांगितलं. चौकशी अधिकारी रायपूरहून आलेले, हिंदी बोलणारे, वयस्कर. त्यांनी कागद वाचायला घेतला. फोरमन मध्येच काही बोलायला लागला, तर हात वर करून म्हणाले, "रुको, मैं पढ़ रहा हूँ." आणि असं म्हणून त्या 'रहा'पाशी स्वतःच थांबले. मग लॉगबुकाची झेरॉक्स ओढली आणि 'टोल्ड अँड स्टेड'च्या डोक्यावर पेन्सिलीने हिंदीत लिहिलं, 'बता रहा था'. बाबांनी उलट्या बाजूने ते वाचलं. त्यानंतर अधिकाऱ्यांनी फोरमनला विचारलं, हा तुम्हाला किती दिवस सांगत होता?  उत्तर ब्रेक दुरुस्तीच्या वहीत मिळालं, तीन आठवडे दुरुस्ती झालीच नव्हती.

पंधरा दिवसांनी बाबांना कामावर परत घेतलं. हुकूम हातात पडला त्या दिवशी ते घरी आधी आले नाहीत, मागच्या गल्लीत गेले. खलाशाला इंग्रजी समजावून सांगायची गरजच पडली नाही. छत्तीसगढीतही 'बतावत रहेंव'च म्हणतात. त्याला ते एका क्षणात कळलं. आई अंबाडीची भाजी घेऊन पोचली तेव्हा दोघं खाटेवर बसून फोरमनचा उद्धार करत होते.

त्या संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, की सांगून राहिलो याची खरी इंग्रजी काय. आता तेही शिकून घेतो, म्हणाले. मी म्हटलं, आय केप्ट टेलिंग.

"केप्ट मनजे?"

"ठेवलं."

 ते म्हणाले, "मनजे त्याइचं ठेवणं चालते, आन् आपलं राहणं चालत नाई?"

 मी ते वाक्य दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या फळ्याकडे वळल्या, खडू घेतला, आणि काहीच न लिहिता परत ठेवला. मग वर्गाला म्हणाल्या, आज मला एका क्रेन ऑपरेटरने शिकवलं, तेच आपण शिकू या. त्या तासाला वर्गात कोणी हसलं नाही. मला त्या बाईंचं मोठेपण तेव्हा कळलं. इतकं शिकलेल्या माणसाला दुसऱ्याकडून शिकताना जरासुद्धा कमीपणा वाटत नव्हता.

मी आता कॉलेजात शिकवते. मुलांच्या निबंधात 'स्टेड' आलं की लाल पेन उचलण्याआधी विचारते, घरी हे कसं म्हणतोस? अर्धी पोरं संकोचतात, घरची भाषा आता ती हिंदीत गुंडाळूनच बोलतात. तरी एखादा सांगतो. मग मी फळ्यावर दोन रेघा मारते.

बाबा मागच्या वर्षी रिटायर झाले. एकतीस वर्षं झाली होती. शेवटच्या दिवशी हार, पेढे, एक भिंतीवरचं घड्याळ असं सगळं घेऊन ते घरी आले, आणि लॉगबुकातल्या शेवटच्या नोंदीचा मोबाइलवर काढलेला फोटो माझ्यापुढे धरला. तोपर्यंत त्यांना 'केप्ट'ही येत होतं आणि 'हॅव बीन'ही. नऊ वर्षं ते बरोबर इंग्रजी लिहीत होते. त्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं:

'लास्ट शिफ्ट. ब्रेक ओके. थर्टी वन इयर्स. वर्क्ड अँड स्टेड.'

"चूक काढ," ते म्हणाले.

मी वाचलं. गोंदियाच्या पलीकडून एक पेटी घेऊन आलेला माणूस, काम करून राहिला, आणि इथे राहिला. एकाच वाक्यात दोन्ही, आणि दोन्ही खरं.

"चूक नाई, बाबा," मी म्हटलं. "दोनी बाजूनं बरोबर हाये."

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "मनून तर लिवलं."